सुमनबाईंच्या जीपची थरथर

गाडी थरथरते अशी तक्रार घेऊन माणूस आला की तो आधी तोंडानं सांगत नाही, हातानं दाखवतो. कुणी पंजा झाडतो, कुणी कोपरापासून सगळा हात घुसळतो, कुणी नुसती बोटं बारीक थरथरवतो. मी आयुष्यभर लोकांचे हातच बघत आलो. पंजा झाडला तर चाक, हात घुसळला तर इंजिनाचे रबर आणि बोटं थरथरली तर शाफ्ट. हे काही कुठे छापलेलं नाही, आणि नेहमी खरंही ठरत नाही. पण सुरुवात कुठून तरी करावी लागते.

माझं नाव युसूफ. चंद्रपुरात बल्लारपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शाफ्टचं दुकान होतं. आता ते भाचा चालवतो. मी सकाळी जाऊन बसतो, चहा पितो आणि विचारलं नसलं तरी सांगतो. राजुऱ्याकडून येणारे कोळशाचे ट्रक हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. ट्रकच्या पोटाखाली जी लांब नळी फिरताना दिसते, तो शाफ्ट. इंजिन पुढे असतं, चाकं फिरवायची असतात मागची; पुढची ताकद मागे नेण्याचं काम या नळीचं. तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी सांधा असतो. त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. आपलं मनगट जसं वाकूनही फिरतं, तसा तो वाकलेला असतानाही फिरतो.

आता या क्रॉसची एक खोड आहे. तो सरळ असला तर एकसारखा फिरतो. वाकवला की एका फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. मागचा क्रॉस पुढच्याइतकाच वाकलेला असला, तर पुढच्याची घाई मागचा पोटात घालतो आणि गाडीत बसलेल्याला काही कळत नाही. दोघांचं वाकणं कमीजास्त झालं की भांडण सुरू. ते भांडण म्हणजे थरथर. माझा सगळा धंदा या दोघांची समजूत काढण्याचा.

गाडीची उंची बदलली की हे वाकणं बदलतं, आणि हल्ली गाडी आहे तशी ठेवणं कुणाला आवडत नाही. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधला एक तरुण इंजिनिअर एकदा आपली गाडी घेऊन आला. त्यानं ती इतकी उचलून घेतली होती की त्याची आई चढायला सोबत स्टूल आणायची. गाडी वेगात थरथरायची. मी म्हणालो, वीतभर खाली घ्या, थांबेल. तो म्हणाला, "चाचा, खाली घेतली तर कोणी बघणार नाही." मी म्हणालो, "थरथरते तेव्हा बघतातच की." तो हसून गेला आणि काही दिवसांनी परत आला. निम्मी उंची आईसाठी कमी करा म्हणाला, निम्मी माझ्यासाठी राहू द्या. तशी केली. थरथर गेली, स्टूलही गेलं.

सगळ्या गाड्या अशा हसतखेळत सुटत नाहीत. सुमनबाईंची जीप सुटली नाही. तिचंच सांगायला बसलो आहे.

सुमनबाई कुरखेड्याच्याही पुढे, जंगलातल्या एका गावच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक. त्यांच्याकडे एक जुनी लांब जीप होती आणि ती त्या स्वतः चालवायच्या. आसपासच्या गावांतले आजारी लोक कुरखेड्याला किंवा गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचे, संध्याकाळी परत आणायचे. त्यांत बरेचसे सिकलसेलचे. हा रक्ताचा आजार आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. त्याचं दुखणं उठलं की हाडं आतून कुणी पिळतंय असं होतं, असं ज्यांना आहे ते सांगतात. सुमनबाईंची मुलगी मनीषा हिलाही तो होता. बी.ए. झालेली, गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेणारी पोरगी. तिच्यामुळेच बाई गाडी शिकल्या.

त्या दिवशी माझ्या दुकानासमोर जीप उभी राहिली तेव्हा बाई खाली उतरून आधी पाणी प्यायल्या आणि मग म्हणाल्या, "चाचा, गाडी थरथरते. पण इथी नाई थरथरणार."

"काऊन?"

"मेकॅनिकजवळ आणली का गुमान राह्यते. आतावरी असंच झालं."

एकानं टायर बदलायला लावले होते. दुसऱ्यानं क्लचप्लेट बदलली होती. तिसऱ्यानं काहीच न करता सांगितलं होतं की बाईमाणूस क्लच नीट सोडत नाही, म्हणून धक्के बसतात. हे सांगताना सुमनबाईंचा आवाज चढला नाही, पण पाण्याचा गडू त्यांनी जरा जोरात ठेवला.

मी गाडी घेऊन बल्लारपूरच्या रस्त्याला फिरवून आणली. बाई शेजारी बसल्या होत्या. हळू, जोरात, पुन्हा हळू. काही नाही. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. परत आल्यावर मी शाफ्ट उतरवून लेथवर चढवला. नळी सरळ होती. क्रॉस थोडे खाल्लेले होते, ते नवे टाकले. एका बाजूला वजन कमी होतं, तिथे पत्र्याचा तुकडा लावून तोल सांभाळला. मनापासून काम केलं आणि मनापासून सांगितलं, "जा बाई, झालं."

दोन दिवसांनी फोन आला. "चाचा, तसंच हाय."

बाई ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, थरथर नेमकी कधी येते ते सांगा. त्या म्हणाल्या, मी तर समोर बसते, मले स्टिअरिंगच्या नादात समजत नाई, मनीषाले विचारा. फोन मनीषाच्या हातात गेला.

"मले आतापर्यंत कोणी विचारलंच नाई," ती म्हणाली.

"मी विचारून राह्यलो ना. सांग."

"गावाच्या अलीकडं चढाव हाय, तिथी येते. गाडी भरून असली तरच. आई ओढाले लावते तवा चालू होते अन् तिनं पाय उचलला का थांबते. चाकातून नाई येत चाचा, माह्या पाठीखालून येते. मी मागं खाली गादीवर झोपून असते ना, मले बरोबर समजते. दुखणं उठलेलं असलं म्हणजे तर एकेक हाड वेगळं वाजते."

मी फोन ठेवला आणि तिनं सांगितलेलं एकेक करून जुळवत बसलो. पाय उचलला की थांबते, म्हणजे दोष तोलाचा नाही, क्रॉसच्या वाकण्याचा. तोल बिघडला असता तर पाय उचलल्यावरही थरथरली असती. भरून असली तरच, म्हणजे माझी रिकाम्या गाडीची फेरी फुकट. आणि चढावावर. या तिन्ही गोष्टी मला दुकानात बसून कधीच दिसल्या नसत्या. आमच्याकडे बहुतेक मेकॅनिक ड्रायव्हरला विचारतात. मागे झोपलेल्या माणसाला विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

अजून एक भीती होती. असा चुकीच्या कोनात राबणारा शाफ्ट एक दिवस क्रॉसपाशी तुटतो. पुढचं टोक निखळून खाली पडलं तर ते रस्त्यात रुततं आणि चालती गाडी त्यावर काठी टेकून उडी मारल्यासारखी उलटते. राजुऱ्याच्या रस्त्यावर मी तशी एक पिकअप पाहिली आहे. तिच्या मागे माणसं बसलेली नव्हती म्हणून बरं. सुमनबाईंची गाडी तर माणसांसाठीच होती.

मी पिशवी भरायला घेतली. बायको, रेहाना, दारात येऊन उभी राहिली. "दुकान भाच्याला दिलं म्हणता, मग हे पाने कुणासाठी?"

"एका शाफ्टसाठी. कुरखेड्याकडे."

"शाफ्ट इथे येऊ शकत नाही का?"

"इथे आला की गुमान राहतो तो," मी म्हणालो. तिनं डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. म्हणजे परवानगी.

गडचिरोली, आरमोरी, वडसा असं करत एसटीनं कुरखेड्याला पोचलो. तिथून पुढे सुमनबाईंनी जीपनं नेलं. जाताना गाडीत आम्ही दोघंच. गावाआधी एक नाला लागतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना चढाव आहे. दोन्ही बाजूंना साग आणि मोहाची झाडं, रस्ता अरुंद, वळणाचा. बाईंनी गाडी ओढायला लावली. क्लच असा सोडला की पोटातलं पाणी हललं नसतं. थरथर नाही. गावात पोचल्यावर मी म्हणालो, आता मला भरलेली गाडी पाहिजे. बाईंनी गल्लीत आवाज दिला. बाजारला जायचंच होतं असे सात-आठ जण गोळा झाले. मी मागे मनीषाच्या गादीवर बसलो. मनीषा पुढे आईशेजारी बसली, कारण त्या दिवशी ती बरी होती. गाव सोडलं की उतार, मग नाला आणि मग पलीकडचा चढाव. चढावाच्या मध्यावर बाईंनी पाय दाबला आणि माझ्या बुडाखालचा पत्रा बोलायला लागला. थरथर म्हणणंही कमी. जात्यावर बसल्यासारखं वाटलं. दात एकमेकांवर आपटले. बाईंनी पाय उचलला, शांत. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मनीषानं मागे वळून पाहिलं. मी मान हलवली. तिला तेवढंच पाहिजे होतं.

गाडी उभी करून मी खाली शिरलो. उभ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या क्रॉसचं वाकणं मोजलं. अगदी सारखं. वाकणं चुकलेलं असायला हवं होतं आणि ते बरोबर होतं. मी बाहेर येऊन एका दगडावर बसलो. बाजारवाले तोवर चालत निघून गेले.

मग मला कमानी आठवल्या. खाली शिरलो तेव्हा दिसल्या होत्या, पण माझं लक्ष शाफ्टवर होतं. पुन्हा वाकून पाहिलं. जीपच्या मागच्या बाजूला पोलादी पाट्यांची कमान असते, तिच्यावर गाडीचं वजन तोललेलं असतं. या जीपच्या दोन्ही कमानींतले काही पाटे काढलेले होते. आणि कमानीच्या नि मागच्या हौसिंगच्या मधे उंच लोखंडी ठोकळे बसवून गाडी वर उचललेली होती. हौसिंग म्हणजे दोन मागच्या चाकांना जोडणारा आडवा भाग, ज्याच्या पुढे आलेल्या नाकाला शाफ्ट जोडलेला असतो.

"हे कोणं केलं?" मी विचारलं.

"मनीषाच्या बाबांनं," बाई म्हणाल्या. "काऊन, चुकलं काय?"

मी म्हणालो, आधी त्यांना भेटू.

मनीषाचे वडील देवाजी यांचं गावच्या फाट्यावर, घराला लागूनच, वेल्डिंगचं दुकान होतं. बोलणं कमी, काम उत्तम. त्यांनी जोडलेलं फाटक पाहिलं तर जोड कुठे आहे ते बोटानं शोधावं लागतं. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गाडीत शिरायचं म्हणून त्यांनी ठोकळे घालून जीप उंच केली होती. आणि पोरीला खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून कमानीतले पाटे काढून ती मऊ केली होती. दोन्ही कामं सुबक होती. दोन्हींत बापाचा जीव दिसत होता.

मला जे वाटत होतं ते मी त्यांना नुसतं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं आणि मानलं नसतं. मीही मानलं नसतं. म्हणून म्हणालो, "देवाजीभाऊ, एक साखळी आहे का मजबूत? आणि धानाची पोती?"

त्यांच्या दुकानामागे जुनी चिंच आहे. जीपमध्ये पोती भरली, माणसांच्या वजनाइतकी. चेसिसचं, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं, मागचं टोक साखळीनं चिंचेच्या बुंध्याला बांधलं. आता गाडी पुढे जायला गेली तर झाड तिला धरून ठेवणार, म्हणजे चढावावरची ओढ इथे अंगणातच तयार होणार. गाडीखाली मात्र कुणी जायचं नाही, हे मी बजावलं. साखळी तुटली तर काही सांगता येत नाही. मग बघायचं कसं, हा प्रश्न आला.

मनीषा म्हणाली, "मोबाईल ठेवू ना खाली. इडिओ काढू."

तिनं दोन विटांच्या मधे मोबाईल उभा केला, हौसिंगचं नाक नीट दिसेल असा. सुमनबाई गाडीत बसल्या. पहिला गिअर टाकून त्यांनी क्लच हळूहळू सोडला. साखळी ताठ झाली, चिंचेची पानं थोडी गळली, गाडी जागच्या जागी दबून बसली आणि खालून कमान करकरली. बाईंनी क्लच दाबला. सगळं सैल झालं.

आम्ही चौघं मोबाईलवर वाकलो. मनीषानं चित्र सावकाश करून दाखवलं. ओढ लागताच हौसिंगचं नाक वर उठत होतं, ढोरानं वास घ्यायला मुंडी उचलावी तसं. मऊ कमान पिळवटून इंग्रजी एस अक्षरासारखी वाकडी होत होती, आणि उंच ठोकळा त्या पिळाला आणखी जोर देत होता. नाक वर गेलं की मागच्या क्रॉसचं वाकणं बदलणार, पुढच्याचं तसंच राहणार. भांडण तिथे होतं. गाडी उभी राहिली की नाक खाली येऊन शहाण्यासारखं बसायचं.

देवाजींनी चित्र पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग मोबाईल पोरीच्या हातात देऊन म्हणाले, "म्हंजे म्याच केलं."

सुमनबाई साखळी सोडवायला गेल्या.

"पाटे परत टाका, ठोकळे काढा, थरथर जाईल," मी म्हणालो. "हे सरळ औषध आहे."

"अन् खड्डे?" देवाजींनी विचारलं. "पयले पोरगी कशी ओरडत जात होती ते तुमी पाह्यलं नाई. मी पाटे टाकणार नाई. थरथर चढावावरच हाय. खड्डे सगळीकडे हायेत."

"शाफ्ट तुटला तर गाडी उलटन."

"मंग गाडी विकतो. पण तिले ओरडू देणार नाई."

"मले विचारसान का कोणी?" मनीषा म्हणाली. "मले दोन्ही नको."

एवढं बोलून ती घरात निघून गेली. मला वाटतं, त्या पूर्ण कामात सगळ्यात नेमकी मागणी तिचीच होती. मऊ कमान हवी आणि नाक वर उठायला नको. मी त्या रात्री त्यांच्याकडे जेवलो, खाटेवर पडलो आणि झोप येईपर्यंत तेच घोळवत राहिलो. परत जायचा विचार आला होता, खोटं कशाला सांगू. सरळ औषध मी सांगितलं होतं, माझं काम तिथे संपलं असं म्हणता आलं असतं. पण "चाचा, तसंच हाय" हे दुसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती.

सकाळी दात घासताना कोळशाचे मोठे ट्रक डोळ्यांपुढे आले. त्यांच्या हौसिंगला पिळवटू न देण्यासाठी एक जाड दांडा असतो, टॉर्क रॉड म्हणतात, एक टोक हौसिंगला, एक टोक चेसिसला. कमान कमानीचं काम करते, दांडा दांड्याचं. जीपला तो कारखान्यातून येत नाही. आपण केला तर?

देवाजींना सांगितलं. ते उठून दुकानात गेले आणि जाड नळी घेऊन आले. हो म्हणण्याची त्यांची ती पद्धत.

पहिला दांडा आम्ही फसवला. मागचं टोक हौसिंगला पक्कं केलं, पुढचं चेसिसला पक्कं केलं. नाक उठायचं थांबलं, थरथर गेली. पण गाडी खड्ड्यात गेली की मागून लाथ बसल्यासारखा धक्का. कमान दबताना हौसिंग थोडी मागेपुढे सरकते. आमचा दांडा तिला सरकूच देत नव्हता. मनीषा गादीवर बसून एक फेरी मारून आली आणि उतरून म्हणाली, "हे तर पयल्यापेक्षा खराब."

"धक्के तर परत आलेच ना," देवाजी म्हणाले, आणि त्यांनी पाना जमिनीवर टाकला. थोड्या वेळानं त्यांनीच तो उचलला.

दुसऱ्या दांड्याला वेळ लागला. मागचं टोक हौसिंगला दोन जागी धरायचं, म्हणजे दांडा आणि नाक एकच वस्तू होईल. हौसिंगवर थेट वेल्डिंग करायचं नाही. तापून ती वाकते आणि मग नवी दुखणी. म्हणून देवाजींनी तिच्या गोलाईला बसतील अशा कड्या घडवल्या, कानशीनं घासून घासून बसवल्या. पुढचं टोक चेसिसला न जोडता एका लहान झुलत्या कडीत लटकवलं. झोपाळ्यासारखी ती मागेपुढे झुलते, पण खालीवर जात नाही. म्हणजे खड्ड्यात कमान मोकळी, आणि चढावावर नाक उठू गेलं की दांडा त्याला खाली धरणार. टोकांना घालायचे रबराचे बुश, म्हणजे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून बसवतात ती नळकांडी, मी भाच्याला सांगून चंद्रपूरहून एसटीच्या कंडक्टरबरोबर मागवले. ठोकळेही थोडे बुटके केले. आणि शाफ्टच्या पुढच्या टोकाखाली एक लोखंडी पट्टा आडवा बसवला, क्रॉस तुटलाच तर शाफ्ट रस्त्यावर न पडता त्यात अडकावा म्हणून.

चिंचेला बांधून पाहिलं. नाक जागच्या जागी. आता पोती भरून चढावावर एक फेरी मारायची राहिली होती. ती उद्या सकाळी करू म्हणून ठरलं.

सकाळी मी तोंड धुऊन आलो तर सुमनबाई जीपमध्ये गादी पसरत होत्या. मनीषाचं दुखणं पहाटे उठलं होतं. पाठ आणि दोन्ही मांड्या. गोळ्या घेऊन उतार नव्हता. ओठ कोरडे पडले होते. दवाखान्याच्या गाडीला फोन केला होता, ती दुसरीकडे गेलेली होती आणि यायला दुपार होणार होती.

देवाजी माझ्याकडे बघत होते. बाईही हातात किल्ली घेऊन माझ्याकडेच बघत होत्या. "चाचा, निघू काय?"

चढावावर भरून न तपासलेली गाडी. जे लोखंड मी आणि देवाजींनी मिळून जोडलं होतं ते खरोखर धरेल की नाही, हे चिंचेशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी खाली शिरून एकेक नट पान्यानं ओढून पाहिला. कडी हातानं झुलवली. पट्टा पाहिला. मग म्हणालो, "निघू. चढावावर मी सांगतो तेव्हाच जोर द्या. मी मागे बसतो."

दवाखान्यात जायच्या दोन म्हाताऱ्या बायाही आल्या. गाडी भरली. देवाजींनी मुलीचे पाय मांडीवर घेतले. मी शाफ्टच्या बरोबर वर, पत्र्यावर तळहात टेकून बसलो. काही बिघडलं तर कानाआधी हाताला कळतं. मनीषा डोळे मिटून कण्हत होती, दातांत ओढणीचं टोक धरलेलं. खड्डे आले. कमान दबली, उठली. तिनं ओढणी सोडली नाही, पण ओरडलीही नाही.

नाला ओलांडला. चढाव सुरू झाला. वळण संपलं तसं मी म्हणालो, "द्या, बाई." बाईंनी पाय दाबला. इंजिनाचा आवाज जड झाला. माझ्या तळहाताखाली पत्रा गरम होता आणि त्यात इंजिनाची नेहमीची गुणगुण होती. तेवढीच. मी आणखी जोर द्या म्हणालो. त्यांनी दिला. चढावाचा मधला टप्पा गेला, माथा आला, आणि मी पत्र्यावरचा हात उचलला. देवाजींनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

गडचिरोलीला पोचलो. दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त चढवलं. बाई तिच्याजवळ राहिल्या. तो आजार माझ्या पान्यात बसत नाही. एवढं लोखंड सरळ करून आलो, पण तिच्या हाडांत जे चाललं होतं त्याच्यापुढे मी आणि देवाजी बाहेरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसून होतो. ती हळहळ अजून आहे. देवाजी एकदा उठून चहा घेऊन आले. एक पेला माझ्यापुढे धरून म्हणाले, "चाचा, पाटे काढले नसते तर बरं झालं असतं काय?"

"पाटे बरोबरच काढले तुमी," मी म्हणालो. "दांडा लावायचा राह्यला होता."

मी तिथूनच एसटीनं चंद्रपूरला आलो. काही दिवसांनी राहवेना म्हणून पुन्हा गडचिरोलीला गेलो. तिला घरी सोडायचा दिवस होता. खाटेवर बसून ती केस विंचरत होती. चेहरा उतरलेला, पण बोलणं जागेवर.

"त्या दिवशी चढावावर जागी होतीस काय?" मी विचारलं.

"जागीच होती."

"मंग?"

तिनं कंगवा खाली ठेवला. "चाचा, आतापर्यंत मले वाटे, हे सगळं दुखणं माहंच हाय. त्या दिवशी पयल्यांदा समजलं, माहं किती अन् गाडीचं किती. माहं कमी निघालं."

मी तिची पिशवी उचलली आणि आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या फाटकाजवळ जीप उभी होती. सुमनबाई मागची गादी झटकत होत्या. गाडीखालून देवाजींचे दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. नटावर पाना फिरवल्याचा आवाज येत होता.